आमच्या गटाला मिळालेला शून्य

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, आणि माझी ओळ डावीकडून निघाली की उजवीकडं खाली उतरत जाते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण लग्नानंतर पहिल्यांदाच चार दिवस घर सोडून फिरले. परत आल्यावर गल्लीतल्या बायांनी काय बघितलं, काय खाल्लं म्हणून विचारलं, तेव्हा मला सांगता आलं नाही. चारचौघींत माझा आवाज बसतो. आणि जे सांगायला पाहिजे होतं त्याची लाज वाटत होती. ती अजून वाटते. म्हणून लिहिते.

मी सुमन. आमचं गाव पेडगावच्या जवळ. गावात आमचा अठरा बायांचा बचत गट आहे. गट निघाला तेव्हा लिहिता येणारी मी एकटीच होते, म्हणून सचिव झाले. आता बारावी झालेल्या सुना आल्या, तरी वही माझ्याकडंच राहिली. अध्यक्ष चंद्रकलाबाई. बोलायचं काम त्यांचं, लिहायचं माझं.

मागच्या पोळ्याच्या आधी वृषाली मॅडम गावात आल्या. संशोधन करतात. वय तीस-बत्तीस, पाठीवर पिशवी, हातात टॅबलेट. त्यांचा अभ्यास विधवा आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायांचा. पण त्या त्या बायांना फारसं काही विचारत नव्हत्या. ग्रामपंचायतीत जाऊन कोरे अर्ज बघायच्या, देवळापुढची पाटी वाचायच्या. आमच्याकडं आल्या आणि नियमांचं पान मागितलं. विधवेला सभासद होता येतं का? येतं. पद? घेता येतं. कर्ज? नियमात बसलं तर मिळतं. मॅडमनी शून्य लिहिला आणि सांगितलं की त्यांच्या मोजणीत शून्य सगळ्यात चांगला. थोडी अडवणूक असेल तर एक, दारच बंद असेल तर दोन. चंद्रकलाबाईंनी पुन्हा चहा टाकायला सांगितला. मलाही बरं वाटलं होतं, हे लिहिलं पाहिजे.

पुढच्या गावांसाठी मॅडमना सोबतीला एक बाई पाहिजे होती. दिवसाला चारशे रुपये आणि जेवण. बोलक्या दोघी-तिघी पुढं झाल्या, पण मॅडमनी मला निवडलं. नंतर कारण सांगितलं, "तुम्ही मध्ये बोलत नाही."

मालकांनी जाऊ दिलं, कारण घर आक्का बघणार होत्या. आक्का म्हणजे गयाबाई, माझी थोरली जाऊ. थोरले दीर जाऊन दहा वर्षं झाली. त्यांची खोली आमच्याच अंगणात. निघताना त्यांनी ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाल्या, "तिथं लाजत बसू नको. भूक लागली तर लागली म्हण."

पेडगाव

पेडगाव माझ्यासाठी नवं नाही, पण मॅडमबरोबर गेले तर वेगळंच दिसलं. मॅडमकडं काठीला लावलेलं एक चाक होतं. ते ढकलत गेलं की किती मीटर चाललो ते कळतं. एकट्या राहणाऱ्या बायांच्या घरापासून पाण्याचा नळ किती लांब, दवाखाना किती लांब, ते मोजायचं होतं. चाक माझ्या हातात दिलं. मी पदर डोक्यावरून ओढला आणि खाली बघत ढकलायला लागले.

गल्लीत अर्ध्या तासात बोभाटा झाला की रस्ता रुंद होणार. एका घरच्यांनी ओट्यावरची जळणाची लाकडं आत घेतली. एक म्हातारबाबा काठी टेकत पुढं आले. "बाई, ह्यो ओटा आमच्या आज्याच्या वक्ताचा हाय. कागद हायत आमच्याजवळ." मी चाक सोडून बाजूला झाले तर ते आडवं पडलं. मॅडमनी येऊन समजावलं तेव्हा बाबा हसले. पुढं काळ्या मातीच्या चिखलात चाक असं भरलं की आकडाच अडकला. बाबांनी बाभळीची काडी आणून माती काढली आणि मग आमच्या हातात चाक देईचनात. शेवटच्या घरापर्यंत त्यांनीच ढकललं. वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "मोजणी चालू हाय, मदी येऊ नका."

दुपारी चिंचेखाली जेवायला बसलो. सोयाबीन कंबरेएवढं झालं होतं, पाऊस नुकताच उघडला होता. मी धीर करून विचारलं की लोकांना सरळच का विचारत नाही, तुम्ही विधवेला कमी समजता का म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "कोण हो म्हणेल? सगळे नाहीच म्हणतात, आणि बऱ्याच जणांच्या मनात खरंच काही नसतं. तरी ती बाई बाहेर राहते. कशी राहते, ते मला शोधायचंय. मन मोजायचं नाही आपल्याला. कागद मोजायचा."

मग भाकरी खात समजावून सांगितलं. एक कलंक लोकांच्या तोंडात असतो, तो ऐकू येतो. एक त्या बाईच्या स्वतःच्या मनात असतो, ती आपणहून मागं सरते. तिसरा नियमात, अर्जात, अंतरात असतो, आणि तो चालवायला कुणी वाईट माणूस लागत नाही. अशा एकेका गोष्टीला गुण द्यायचे, गावाची बेरीज करायची. मग सारखीच गरिबी, सारखंच पाऊसपाणी असलेली दोन गावं शेजारी ठेवायची आणि जास्त बेरजेच्या गावात एकट्या बायांना कर्ज कमी मिळतं का, त्या जास्त आजारी पडतात का, ते बघायचं. एका बाईला विचारून हे कळत नाही. तिला वाटतं आपलंच नशीब.

मला यातलं निम्मं समजलं. आपला शून्य आहे, एवढं मात्र चांगलं लक्षात होतं.

जिंतूर

दुसऱ्या दिवशी एसटीनं जिंतूरला गेलो. बसमध्ये मला मळमळलं, त्याचं लिहीत नाही.

तिथं एका कार्यालयात कोऱ्या अर्जांचा गठ्ठा मॅडमनी मागून घेतला. एक अर्ज माझ्यापुढं धरला. पतीचे नाव असा रकाना होता आणि त्याच्याखाली पतीची सही. बाकावर एक तरुण बाई तोच अर्ज घेऊन बसली होती. तिला नवऱ्यानं सहा वर्षांपूर्वी सोडलेलं. तिसऱ्यांदा आली होती. खिडकीतला माणूस काही वाईट नव्हता, तिला पाणीही दिलं त्यानं. फक्त म्हणाला, "ताई, रकाना रिकामा राहिला की संगणक पुढं जात न्हाई. मी काय करू?" मॅडमनी दोन लिहिले. मी त्या बाईकडं बघून हळहळले. तेव्हा मला ती माझ्यापेक्षा फार लांबची वाटत होती.

मुक्काम एका किराणा दुकानदाराच्या घरी होता. शिवभक्त कुटुंब. घरातल्या सगळ्यात मोठ्या शिवकांताबाई, सत्तरीच्या. त्यांची मधली सून विधवा होती, ते मला तिच्या कपाळावरून कळलं. सकाळी न्याहारीला सुशीला केली होती. चुरमुरे भिजवून फोडणी दिलेले, वरून दाण्याचं कूट. आमच्याकडं यात कूट कमी आणि मिरची जास्त असते. मला दुसऱ्यांदा पाहिजे होती पण मागितली नाही.

पूजा झाल्यावर शिवकांताबाई भस्माची वाटी घेऊन आल्या. मॅडमना लावलं, मला लावलं, मोठ्या सुनेला लावलं. मधल्या सुनेपाशी वाटी गेली आणि माझी मान आपोआप खाली गेली. आमच्याकडं कुंकवाची वाटी फिरते तेव्हा अशा बाईपाशी आली की सगळ्या जणी दुसरीकडं बघतात, वाटी पुढं जाते, आणि मग पुन्हा बोलणं सुरू होतं. मी तसंच दुसरीकडं बघितलं. पण वाटी पुढं गेली नाही. त्यांनी सुनेच्या कपाळावर तीन बोटं ओढली आणि स्वतःला लावून घेतलं.

माझं बघणं म्हातारीच्या ध्यानात आलं असावं. म्हणाल्या, "इबूत सगळ्यालाच लागती, माय. ती लावायला नवरा असायचं काय कारण?"

मी हसल्यासारखं केलं. मला वाटलं मला पकडलं. कशात पकडलं ते मात्र अजून कळलं नव्हतं.

चुडावा

तिसऱ्या दिवशी एसटीनं स्टेशन गाठून पुढं रेल्वेनं चुडाव्याला. स्टेशनातून बाहेर पडलं की दोन्हीकडं कापूस. तिथल्या गटाच्या सचिव कौसाबाई. चाळीस-पंचेचाळीस वय, उन्हानं रापलेला चेहरा, हाताला उसाच्या पाचटाचे जुने ओरखडे. नवरा वारलेला. दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. त्यांनी आम्हाला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्यडाळीच्या मसाल्याची आमटी वाढली. इतकी तिखट की मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. कौसाबाई म्हणाल्या, "रडू नका मॅडम, तुमच्या मोजणीत आमाला जास्त गुण पडले तरी चालंल."

त्यांच्या वहीचे नियम अगदी आमच्यासारखेच होते. वर्षाच्या मोठ्या सभेला गैरहजर राहिलं तर शंभर रुपये दंड. ओळीनं तीन वर्षं गैरहजर राहिलं तर कर्ज नाही. मॅडमनी शून्य लिहिला आणि चाक घेऊन नळापर्यंतचं अंतर मोजायला गेल्या. मी भांडी गोळा करायला थांबले.

वर्षाची सभा पाडव्यानंतर घेतो, ऊसतोडीच्या बाया आल्याशिवाय घेत नाही, असं कौसाबाई सांगत होत्या. मग मला विचारलं, "तुमची कवा असती?"

मी सांगितलं, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला. सगळ्या जणी नटून एकत्र आलेल्या असतात, वाण वाटतो, तीळगूळ होतो आणि तिथंच हिशोब वाचून सभा उरकतो. गट निघाल्यापासून तसंच आहे.

कौसाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "मंग तुमच्यातल्या इधवा बाया कुठं बसत्यात?"

"त्या येत न्हाईत."

"आन् दंड?"

मी खरकटं एका ताटात ओढायला लागले.

कौसाबाई रागावल्या नाहीत. उलट हसल्यासारख्या झाल्या. "चांगलं हाय की. कुणी हाकललं बी न्हाई आन् कुणी आलं बी न्हाई."

मी ताट धुवायला घेतलं. आमच्या गटात पाच विधवा. महिन्याच्या सभेला पाचही जणी येतात, बचत भरतात, हसतात-बोलतात. वर्षाच्या सभेला येत नाहीत. त्यांच्या नावापुढं गैरहजर असं मी लिहिते. आक्कांच्या नावापुढं नऊ वर्षं लिहिलं. त्यातली पहिली सहा वर्षं त्या सभेचे तिळाचे लाडू आक्काच वळायच्या. पहाटेपासून वळून डबा भरून द्यायच्या, आणि आमचा गलका त्यांच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या अंतरावर मी वही उघडून त्या आल्या नाहीत असं लिहायचे. आणि मला त्यात कधी काही दिसलं नाही. तीळ किती लागले ते लक्षात असायचं.

मॅडमनी यातलं काही ऐकलं नव्हतं. त्या नळापाशी होत्या. म्हणजे न सांगता राहता आलं असतं.

पूर्णा स्टेशन

परतीच्या वाटेवर पूर्णा स्टेशनात गाडीला बराच वेळ होता. मॅडमनी भजी आणली. मला एकही गिळेना. त्यांना वाटलं परत मळमळतंय, त्यांनी लिंबू शोधायला सुरुवात केली. त्या लिंबू शोधत असताना मी सांगून टाकलं. खाली फरशीकडं बघत, एका दमात. सभेचा दिवस, दंड, पाच जणी.

आणि आणखी एक. तीन वर्षांपूर्वी आक्कांच्या लेकीचं ऑपरेशन निघालं. आक्कांनी गटाकडं वीस हजार मागितले. चंद्रकलाबाईंनी मला नियम वाचायला सांगितला. गटात एवढ्या वर्षांत माझा आवाज मोठ्यानं ऐकू गेला तो तेवढाच. ओळीनं तीन गैरहजेऱ्या, कर्ज नाही. आक्का म्हणाल्या, "नियम हाय तर हाय." घरी येऊन त्यांनी चारही शेळ्या विकल्या. त्या वर्षापासून त्या भावाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला जातात.

मी वाट बघत होते की मॅडम मला बोलतील. त्यांनी टॅबलेट उघडून आपली यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाल्या, "हा प्रश्न माझ्या यादीतच नाही. सभा कोणत्या दिवशी, हे मी कुठंच विचारलं नाही. कितीतरी गावांना शून्य देऊन आले." त्यांचा चेहरा उतरला होता. मी मान खाली घालूनच बसले होते, पण लाज आता दोघींना वाटत होती.

त्यांनी प्रश्न लिहून घेतला. किती वर्षं, किती जणी, दंड कशाला वापरला, हे विचारलं. मला सगळं पाठ होतं, मीच लिहिलेलं. पण दंड कशाला वापरला हे मी शेवटी सांगितलं. त्या पैशातून आम्ही दर संक्रांतीला वाणाच्या स्टीलच्या वाट्या आणतो. माझ्या घरी त्या वाट्यांची चळत आहे. आक्कांना एकही नाही.

"तुम्ही किती गुण द्याल?" मॅडमनी विचारलं.

मी दोन म्हणाले.

त्यांनी दोन लिहिले. मग म्हणाल्या की काळजी करू नका, अभ्यासात गावाचं नाव कुठंच येणार नाही, गटाचंही नाही. मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याचीच त्या दिवसातली सगळ्यात मोठी लाज वाटली.

घरी

चौथ्या दिवशी घरी पोचले. आक्का चुलीपाशी होत्या. मी पिशवीही खाली न ठेवता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"तुला आता कळलं का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मला पयल्या सालीच कळलं होतं."

"मंग बोलल्या कामून न्हाईत?"

"काय बोलू? मला हळदी-कुंकवाला बलवा म्हणू?" त्यांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "तू लिव्हायलीस तर बरोबरच लिव्हत असशील, असं बी वाटायचं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून नाही म्हटलं. टोमणा असता तर सोसला असता.

महिन्याच्या सभेत मी उठून उभी राहिले. पाचही जणी होत्या. माझं बोलणं पहिल्या ओळीतल्यांनाच ऐकू गेलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं. चंद्रकलाबाई चिडल्या. त्यांना येऊ नका असं कुणी म्हणालं होतं का, मॅडमनी शून्य दिला तो काय खोटा होता का, असं विचारायला लागल्या. मी सांगितलं की तो शून्य आता खोडला, दोन झाले. मग गलका झाला. कुणी म्हणालं, दंडाचे पैसे परत केले तर बाकीच्या पण मागतील. बारावी झालेली एक सून म्हणाली की बाकीच्यांना यायला कुणाची आडकाठी नव्हती.

पाच जणींचा मिळून दंड अठ्ठावीसशे निघाला. मी मॅडमकडून मिळालेले सोळाशे पुढं ठेवले आणि उरलेले पण मीच भरते म्हणाले. चंद्रकलाबाईंनी ते पैसे माझ्याकडं सरकवले. "तू एकटीच भली व्हायलीस का? नियमाला अंगठे सगळ्याइचे हायत." त्या रागानं बोलल्या, पण बरोबर बोलल्या. मी भरून मोकळी झाले असते तर बाकीच्यांना ते माझं पाप वाटलं असतं. तेरा जणींनी महिन्याला थोडे थोडे काढायचे ठरलं. मोठी सभा पाडव्यानंतर, ऊसतोडीची टोळी आल्यावर, बाजाराच्या दिवशी घ्यायची असंही ठरलं. दोघींनी गट सोडला. उरलेल्या अकरा जणींवर वाटा वाढला, त्यावरून अजून कुरकुर चालू आहे.

आधी चौघींचे पैसे दिले. आक्का माझ्या घरच्या, म्हणून त्यांचे शेवटी, असं मीच सांगितलं. तोवर दसरा झाला आणि आक्का टोळीबरोबर निघून गेल्या. संक्रांत याही वर्षी त्यांच्याविना गेली. लाडू मी वळले, कडक झाले. वाण या वेळी जिच्या तिच्या पैशाचं होतं, बहुतेकींनी काचेच्या बांगड्या दिल्या. सभा नव्हती, म्हणून वही मी घरीच ठेवली.

पाडव्यानंतर टोळी आली. सभेला पाचही जणी आल्या. आक्का उन्हानं काळ्या झाल्या होत्या, डाव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. कोयता लागला म्हणाल्या. चंद्रकलाबाईंनी नऊशे रुपये त्यांच्या पुढ्यात ठेवले. आक्कांनी चिंधीचं बोट वर धरून दोनदा मोजले.

"बरोबर हायत," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघितलं. "पैसे फिटले, सुमन. शेळ्या न्हाई फिटल्या."

मी वहीत रक्कम लिहिली, आक्कांनी अंगठा केला, आणि पाच जणींचे सगळे पैसे त्या दिवशी पूर्ण परत झाले.